हॉल तिकीट हातात, पाय मात्र बसस्टँडवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा २५ वर्षांचा तरुण. बी.ए. झालेलं, घरी चार एकर कोरडवाहू, वडील कपाशी-सोयाबीन करतात. पोलीस भरतीचे दोन प्रयत्न झाले. पहिल्यांदा मैदानी चाचणीत ५० पैकी २७ गुण मिळाले, पण लेखीला बोलावणं आलं नाही. दुसऱ्यांदा लेखीपर्यंत पोचला आणि १२ गुणांनी राहिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरला, हॉल तिकीट काढलं, पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलासुद्धा, पण मैदानावर न जाता दिवसभर बसस्टँडवर बसून परत आला. घरी सांगितलं, ‘ग्राउंड नाही निघालं’, म्हणजे मैदानी चाचणीत राहिलो. आता विचारतो की अपयशाची भीती कशी घालवू, आत्मविश्वास कसा वाढवू, म्हणजे पुढच्या भरतीला जाता येईल. शेवटी एक ओळ आहे: लहान भाऊ यंदा पहिल्यांदा भरतीत उतरतो आहे, त्याला काय सांगू?

तुम्ही प्रश्नात एक क्रम गृहीत धरला आहे. आधी भीती जाईल, मग आत्मविश्वास येईल, मग मी मैदानावर जाईन. हा क्रम उलटा आहे. भीती असतानाच माणूस जातो, चार-सहा वेळा जातो, जाऊनही फार काही बिघडलं नाही हे बघतो, आणि त्यानंतर कधीतरी त्याला आत्मविश्वास वाटायला लागतो. ‘आधी आत्मविश्वास येऊ दे’ म्हणून थांबणारी मुलं दोन-दोन भरत्या थांबतात आणि दर भरतीला आणखी घाबरतात.

‘हे मला जमेल’ असं माणसाला कशामुळे वाटतं, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली नीट मांडून ठेवलं आहे. त्याने चार कारणं सांगितली: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या घडीची शरीराची अवस्था. यातलं पहिलं सगळ्यात भक्कम. धीर देणारे शब्द कामाला येतात, पण ते एकटे टिकत नाहीत. मोबाईलवरची जोशपूर्ण भाषणं ऐकून रात्री अंगावर काटा येतो आणि सकाळी मैदानाच्या गेटवर तोच काटा वेगळ्या कारणाने येतो, त्याचं कारण हे. आरशासमोर उभं राहून ‘मी जिंकणारच’ म्हणण्याचंही तसंच. २००९ साली कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोॲन वूड यांनी केलेल्या प्रयोगात, ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी होता त्यांना अशी चांगली-चांगली वाक्यं स्वतःशी म्हटल्यावर उलट वाईट वाटलं. आतलं मन लगेच म्हणतं, ‘खोटं बोलून राहिला बे.’

आता बसस्टँडवरच्या त्या दिवसाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. सकाळी छातीत धडधड, पोटात गोळा, दोनदा संडासला जाऊन आलात असं तुम्ही लिहिलं आहे. मग रिपोर्टिंगची वेळ टळली आणि एकदम हलकं वाटलं. ते हलकं वाटणं हाच तुमचा खरा अडथळा आहे. शरीराने त्या दिवशी एक धडा पक्का केला: मैदानापासून लांब राहिलं की सुटका होते. पुढच्या वेळी ते आणखी लवकर घाबरवेल, कदाचित फॉर्म भरतानाच. भीती टाळल्याने वाढते असं म्हणतात ते अशा अर्थाने. म्हणजे काम भीती घालवण्याचं नाहीच. टाळण्याची सवय मोडायची आहे, आणि तीही एकदम मोठ्या भरतीच्या दिवशी नाही, आधी लहान-लहान ठिकाणी.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर लिहा. समजा चाचणी तिकडे गोंदियाला आहे, तुम्हाला ओळखणारं एकही माणूस तिथे नाही, आणि निकाल गावात कोणालाच कळणार नाही. गेले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमची भीती नापास होण्याची कमी आणि नापास झालेलं दिसण्याची जास्त आहे. पानठेल्यावर ‘काय गा, लागला का नंबर?’ हा प्रश्न, वडिलांचं काही न बोलणं, मामाच्या घरी लग्नात होणारी चौकशी. उत्तर ‘नाही’ असेल तर गोष्ट वेगळी: एकतर तयारी खरंच कमी आहे आणि ते तुम्हाला आतून ठाऊक आहे, किंवा ‘आपली धाव एवढीच’ हे कळण्याची धास्ती आहे. पहिल्या प्रकारात लोकांसमोर करण्याचा सराव जास्त लागतो, दुसऱ्यात मोजमापाचा. बहुतेकांत दोन्ही थोडं-थोडं असतं, तुमच्या लिहिण्यावरून मला पहिलं जास्त वाटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या बाजूला करून पुढे जाता येणार नाही.

पहिली, शरीर. धावताना दम फार लवकर तुटत असेल, थंडीत किंवा मेहनतीनंतर सांधे, हाडं दुखत असतील, डोळे पिवळसर वाटत असतील, तर त्याला भीतीचं नाव देऊ नका. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि आदिवासी भागांत, सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. नुसता वाहक असलेल्या माणसाला रोज काही त्रास नसतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता जीव तोडून धावणं त्यालाही धोक्याचं ठरू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. एका सकाळचं काम आहे, आणि रक्त कमी असल्यामुळे लागणारी धाप महिनोन्महिने ‘माझ्यात दमच नाही’ म्हणून सोसणारी मुलं असतात.

दुसरी, मन. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच जीव लागत नाही, किंवा ‘नसतो तर बरं झालं असतं’ असे विचार येत असतील, तर खाली लिहिलेली एकही युक्ती आधी करू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्री-बेरात्री चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. आणि शेतकऱ्याचं घर आहे म्हणून हेही सांगतो: फवारणीची औषधं घरात, खाटेखाली, माळ्यावर मोकळी ठेवू नका. कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. असा विचार बहुतेक वेळा घटका-दोन घटकांचा असतो, तेवढा वेळ बाटली हाताशी नसली तर जीव वाचतो.

तिसरी गोष्ट पैशाची आणि वयाची. शहरातले मार्गदर्शक ‘अपयशाला घाबरू नका, अपयश काही नसतं’ असं सहज सांगतात. कोरडवाहू घरात अपयशाची किंमत खरी असते. अकॅडमीची फी, खोलीभाडं, बूट, आणि तुम्ही वेचणीला नसल्यामुळे लावावी लागलेली मजुरी. त्यामुळे तुमची सगळी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिचा एक भाग हिशेबाचा आहे आणि तो हिशेबानेच कमी होतो. पोलीस शिपाई पदाला वयाची अट खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षं असते. अधूनमधून एखादी सवलत मिळते, पण तिच्यावर बेत बांधू नका. तुमच्या गटाप्रमाणे किती भरत्या हातात आहेत ते मोजा, त्यातल्या किती द्यायच्या ते ठरवा आणि ‘अमुक तारखेनंतर थांबायचं’ ही ओळ वहीत लिहून ठेवा. सोबत दुसरी वाटही आत्ताच चालू ठेवा. वनरक्षक भरती असेल (तिथे पुरुषांना ५ किलोमीटर धावावं लागतं, म्हणजे तुमचा सराव फुकट जात नाही), आयटीआयचा एखादा ट्रेड असेल. तुमचे वडील नुसत्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) भरवशावर राहत नाहीत, मध्ये तुरीचं तास घालतात, तसंच हे. ‘दुसरा रस्ता ठेवला तर मन लागत नाही’ असं मुलांना सांगितलं जातं. माझा अनुभव याच्या बरोबर उलट आहे: सगळंच एका दिवसावर टांगलेलं असलं की त्या दिवशी पाय गळतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

एक जाड वही घ्या. भीती वाटणाऱ्या गोष्टी त्यात लिहा, आणि प्रत्येकीसमोर ० ते १०० मध्ये आकडा टाका. ० म्हणजे काहीच वाटत नाही, १०० म्हणजे बसस्टँडवरची ती सकाळ. तुमच्यासाठी यादी साधारण अशी होईल. एकट्याने १६०० मीटर धावून वेळ वहीत लिहिणं: २५. मित्राच्या हातात स्टॉपवॉच देऊन धावणं: ३५. आपल्याहून जोरात पळणाऱ्या दोघांसोबत धावणं: ५०. तालुक्याच्या अकॅडमीत मॉक ग्राउंड (सरावाची मैदानी चाचणी) देणं, जिथे वेळ मोठ्याने सांगतात: ६५. पानठेल्यावर कोणी विचारलं तर खरी वेळ सांगणं: ७०. २६ जानेवारीच्या किंवा गावोगावी होणाऱ्या एखाद्या खुल्या शर्यतीत उतरणं: ८०. घरी त्या दिवसाचं खरं सांगणं: ९०. आकडे तुमचे वेगळे येतील, त्याने बिघडत नाही. पायऱ्यांमधलं अंतर मात्र फार नको. २५ वरून थेट ८० वर उडी मारली की माणूस पडतो आणि ‘बघा, हेही जमलं नाही’ म्हणून यादीच फाडतो.

२५-३० च्या पायरीपासून सुरू करा, आठवड्यातून तीन-चार वेळा तीच पायरी करा, आणि भीतीचा आकडा निम्म्यावर आला की पुढच्या पायरीवर जा. कधी दोन आठवडे लागतील, कधी चार दिवसांत होईल. एक नियम कडक पाळा: भीती शिगेला असताना सोडून जायचं नाही. धडधड वाढलेली असताना निघून गेलात तर बसस्टँडचाच धडा पुन्हा पक्का होतो. थांबा, हळू धावा, चाला, पण १६०० मीटर पूर्ण करा आणि वेळ लिहा. खराब वेळ लिहिणं हा या सरावाचा भाग आहे, किंबहुना तोच सराव आहे.

इथे बहुतेकजण कुठे फसतात ते सांगतो. पायरी करतात, पण सोबत एक आडोसा ठेवतात. कोणी नसेल अशा वेळी मैदानावर जातात. टोपी डोळ्यांवर ओढून, कानात इयरफोन घालून पळतात. किंवा सुरू करण्याआधीच जाहीर करतात, ‘आज पाय दुखून राहिला, नुसतं जॉगिंग करतो.’ हा शेवटचा फार चलाख प्रकार आहे. आधीच सबब सांगून ठेवली की हरलो तरी ‘पाय दुखत होता’ आणि जिंकलो तर दुप्पट कौतुक. रात्रभर मोबाईल बघून परीक्षेला जाणंही त्याच घराण्यातलं. मानसशास्त्रात यावर १९७८ पासून काम झालेलं आहे, पण ते वाचायची गरज नाही, कोणत्याही भरती मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहा. आडोशाने लाज वाचते, पण ‘मी पूर्ण जोर लावला आणि तरी जिवंत राहिलो’ हा अनुभव कधी मिळतच नाही. म्हणून प्रत्येक पायरी सबबीशिवाय करायची.

दुसरं, प्रत्येक पायरीआधी दोन ओळींचं भाकीत लिहा आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं ते. एक पान नमुन्यादाखल:

शनिवार, मॉक ग्राउंड. काय होईल असं वाटतं: वेळ ६ मिनिटं ४० सेकंदांच्या वर जाईल, पोट्टे हसतील, सर नाव घेऊन बोलतील, दुपारपर्यंत गावात कळेल. खात्री: १०० पैकी ८५.
काय झालं: वेळ ६:३१. राउंड ७८, ९६, १०५, ११२. एकजण म्हणाला, ‘पहिल्या राउंडले लय जोरात पयाला तू.’ सरांनी वेळ सांगितली आणि पुढच्याचा नंबर पुकारला. गावात कोणी विचारलं नाही.

या पानात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे चार भाकितांपैकी एकही खरं झालं नाही. अशी दहा-बारा पानं जमली की मनाला आपलीच आकडेवारी खोडता येत नाही, कोणाच्या उपदेशापेक्षा ती जड असते. कधीकधी भाकीत खरंही ठरतं, कोणी हसतं. तेव्हा किती जण हसले आणि किती वेळ, हेही लिहा. दुसरी गोष्ट त्या चार राउंडच्या आकड्यांत आहे. पहिला ४०० मीटरचा राउंड ७८ सेकंदांत आणि शेवटचा ११२ मध्ये. हा दम नसल्याचा पुरावा नाही, भीतीने सुरुवातीला उधळल्याचा आहे. चारही राउंड ९५ सेकंदांनी काढले असते तर वेळ ६:२० आली असती, त्याच पायांनी, त्याच दिवशी. ‘माझ्याच्यानं होत नाही’ या वाक्याला उपाय नाही. ‘पहिला राउंड १७ सेकंद जास्त जोरात गेला’ याला आहे: मित्राला २०० मीटरवर उभं करा आणि ४७ सेकंदांच्या आत पोचलात तर ‘हळू’ म्हणून ओरडायला सांगा.

मोजमाप खरं हवं, नाहीतर सगळी वही खोटी. जिल्हा परिषद शाळेचं मैदान लहान असतं, तिथे १६०० मीटरसाठी पंधरा-सोळा गोल फेऱ्या माराव्या लागतात आणि दर वळणावर वेग मोडतो. त्यापेक्षा कमी रहदारीचा सरळ रस्ता घ्या, ३० मीटरच्या टेपने ८०० मीटर मोजा (२६ टेप आणि वर २० मीटर), चुन्याने खूण करा आणि जाऊन-येऊन धावा. मोबाईलचं अंतर दाखवणारं ॲप दर वेळी थोडं वेगळं सांगतं, त्यावर आशा किंवा निराशा बांधू नका. गोळाफेकीला ७.२६० किलोचाच गोळा वापरा. अंदाजाने उचललेल्या दगडावर सराव केलेला मुलगा मैदानावर खरा गोळा हातात आला की पहिल्या फेकीलाच बिचकतो आणि त्याला वाटतं आपण घाबरलो. गुणांचा तक्ता जाहिरातीत दिलेला असतो, तो कापून भिंतीवर लावा. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. निम्मे गुण मिळाले की पात्र, पण लेखीला जागांच्या दहापटच मुलं बोलावतात. तुमचे २७ गुण म्हणजे तुम्ही नापास झाला नव्हता, पात्र असून यादीच्या खाली राहिला होता. गावात दोन्हीला एकच शब्द आहे, तुमच्या वहीत तरी वेगळे ठेवा.

लेखीचंही हेच तत्त्व, थोडक्यात सांगतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. दर रविवारी एक पूर्ण पेपर एका बैठकीत सोडवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. घाबरलेली मुलं पेपर सोडवतात पण तपासत नाहीत, किंवा उत्तरतालिका शेजारी ठेवून ‘हे येतच होतं’ म्हणत पुढे जातात. तपासा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खात्यात टाका: माहीतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. चार पेपरांनंतर कळेल तुमचे १२ गुण कुठे सांडतात. गणित आणि बुद्धिमत्तेत बहुतेकांचं तिसरं खातं फुगलेलं असतं, आणि त्यावर आणखी पुस्तकं वाचणं हा इलाज नाही.

वेळापत्रकाबद्दल एक टोचणारी गोष्ट. पुण्यातल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचं बारा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावून तुम्ही रोज सायंकाळी नापास होत असाल, तर ती भीतीला खुराक घालण्याची सगळ्यात स्वस्त रीत आहे. डवरणी-निंदणाच्या दिवसांत आणि वेचणीच्या हंगामात तुमच्याकडे दोन-अडीच तास असतील तर दोन तासांचंच लिहा. एप्रिल-मेमध्ये धावणं सहाच्या आत उरका, नंतरच्या उन्हात आलेली वेळ मोजूच नका. ठरवलेलं लहान असू द्या, पण ठरल्याप्रमाणे होऊ द्या. आणि ‘उद्यापासून पळतो’ असं न लिहिता वेळ आणि जागा लिहा: ‘साडेपाचला गाईचं पाणी झालं की बूट घालून देवळापाशी.’ असं लिहिलेलं जास्त पार पडतं.

आता घरी सांगितलेलं खोटं. ते तुम्हाला आज वाचवतं आणि रोज खातं, कारण ‘ग्राउंड नाही निघालं’ हे ऐकून घरचे ज्या मुलाला धीर देतात तो तुम्ही नाहीच. म्हणून त्यांचा धीर तुम्हाला लागत नाही. कधी सांगायचं हे घरावर आहे. वडील दारू घेत असतील, हात उचलत असतील, किंवा पेरणीच्या तोंडावर कर्जाची ओढाताण चालू असेल तर आधी आई, मोठी बहीण किंवा मामा यांपैकी ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकाला सांगा. घर शांत असेल तर थेट वडिलांना, पण जेवताना नाही आणि पाहुण्यांसमोर नाही. धुऱ्यावर (बांधावर) बसल्यावर, दोघंच असताना. लांब भूमिका बांधू नका, तीन वाक्यं पुरेत: ‘बाबा, मी त्या दिवशी ग्राउंडवर गेलोच नव्हतो. मले भेव लागलं होतं. आता मी असं असं करून राहिलो.’ तिसऱ्या वाक्यात वही दाखवा. नुसती कबुली दिली की ऐकणाऱ्याकडे रागावण्याशिवाय काही उरत नाही, हातात वही असली की निदान बोलायला विषय मिळतो. पहिला दिवस वाईट जाऊ शकतो. त्याचंही भाकीत आधी लिहून ठेवा.

पानठेल्यासाठी एक उत्तर तयार ठेवा आणि तेच वापरा. ‘गेल्या वेळी बारा गुणांनी राहिलो, आता सोळाशेवर काम चालू आहे.’ खरा आकडा सांगितला की लोक लवकर गप्प होतात, टोचायला जागा उरत नाही. रोज एकच माणूस टोचत असेल तर त्या ठेल्यावर चहा घेणं सोडा. याला टाळणं म्हणत नाहीत. ज्याच्या बोलण्याचा तुमच्या तयारीशी संबंध नाही त्याच्यासमोर सराव करून काही मिळत नाही.

चाचणीच्या दिवसासाठी. आदल्या दिवशीच चाचणीच्या गावी मुक्काम करता आला तर करा, आणि शक्य असेल तर आधीच्या आठवड्यात एकदा ते मैदान, गेट, संडास कुठे आहे ते बघून या. अनोळखी जागेची भीती त्यात भागते. नवे बूट, नवं खाणं, कोणी दिलेली ताकदीची गोळी, सगळं वर्ज्य. रांगेत धडधडलं तर ती थांबवण्याच्या मागे लागू नका. शर्यतीआधी हृदय जोरात चालणं, पोट रिकामं व्हायला बघणं, तळहात ओले होणं ही शरीराची पळायची तयारी आहे, पहिला येणाऱ्या मुलाचंही तेच होत असतं. फार वाढलं तर चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. सोडताना जास्त वेळ लावायचा, घेताना नाही. उलट केलं तर डोकं हलकं होतं. शक्यतो कोणाला सोबत न्या, पण ‘होईल रे सगळं’ म्हणणारा नको. गेटपर्यंत चालत येणारा आणि तुम्ही आत गेल्याशिवाय न हलणारा हवा. तुमची अडचण धावण्यात नंतर आहे, बसस्टँड ते गेट या अंतरात आधी आहे. आणि त्या दिवशीचं लक्ष्य एकच लिहा: चाचणीचे तिन्ही प्रकार पूर्ण करून बाहेर येणं. गुण तुमच्या हातात सरावात होते, त्या सकाळी नाहीत.

राहिला भाऊ. त्याला भीतीवर भाषण देऊ नका, पहिल्याच भरतीच्या पोराला ते ऐकून नसलेली भीती यायची. त्या बसस्टँडचं त्याला सांगायचं की नाही हे आई-वडिलांना सांगून झाल्यावर ठरवा, त्याआधी त्याच्यावर गुपिताचं ओझं नको. बाकी तुमच्या यादीतली दुसरी पायरी आठवा, स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात देण्याची. ते काम त्याला द्या आणि त्याची वेळ तुम्ही घ्या, दोघांच्या वह्या मात्र वेगळ्या. तो तुमच्यापेक्षा जोरात निघाला तर त्या दिवशीचा भीतीचा आकडा ५० च्या वर जाईल. तोही लिहा.